सावलीवरून भरणाची पारख

दाढ ठणकू लागली म्हणजे काय होते, हे तुमच्यापैकी काहींनी स्वतः अनुभवले असेल, तर काहींनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिले असेल. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून एखादी रात्र निघते. पण कीड खोलवर गेली असेल तर अखेर दंतवैद्याकडे जावेच लागते. दंतवैद्य दाताचे एक लहानसे क्ष-किरण चित्र घेतात, ते नीट न्याहाळतात आणि सांगतात, "रूट कॅनाल करावे लागेल." उपचार संपल्यावर पुन्हा एक चित्र घेतले जाते. या दुसऱ्या चित्रात दाताच्या मुळामध्ये एक पांढरी रेघ उठून दिसते. ती मुळाच्या टोकापर्यंत गेलेली दिसली की दंतवैद्य आणि रोगी दोघांनाही समाधान वाटते.

ती पांढरी रेघ म्हणजे नेमके काय? ती पांढरीच का दिसते? आणि रेघ छान दिसली म्हणजे भरणही छानच झाले, असे म्हणता येईल का? यांपैकी तिसरा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे जीवशास्त्र, थोडे रसायनशास्त्र, बरेचसे भौतिकशास्त्र आणि चिमूटभर गणित लागणार आहे.

मुळातील बोगदा

दात बाहेरून दगडासारखा टणक दिसला तरी आतून तो भरीव नसतो. सर्वांत बाहेर दंतवल्क म्हणजे इनॅमल, त्याच्या आत दंतिन आणि दंतिनाच्या पोटात एक पोकळी अशी त्याची रचना असते. या पोकळीत दंतमज्जा नावाचा मऊ भाग असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. ही पोकळी दाताच्या मुळातून निमुळती होत जाते आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून जबड्याच्या हाडाकडे उघडते. या निमुळत्या बोगद्यालाच मूलनलिका, म्हणजेच रूट कॅनाल, म्हणतात. समोरच्या दातांना बहुधा एक आणि दाढांना तीन, चार किंवा क्वचित अधिक मूलनलिका असतात.

कीड दंतमज्जेपर्यंत पोहोचली की तेथे जीवाणूंचा शिरकाव होतो. मज्जा सुजते, पण तिच्या भोवती टणक भिंती असल्यामुळे सूज पसरायला जागाच नसते. म्हणून तर दाढदुखी इतकी असह्य असते. शेवटी मज्जा मरते. रक्तपुरवठा थांबला म्हणजे जीवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही तेथे पोहोचू शकत नाहीत. मग मूलनलिका हा जीवाणूंचा सुरक्षित किल्ला होतो. तेथून निघणारी विषारी द्रव्ये मुळाच्या टोकाबाहेर पडतात आणि भोवतालचे हाड विरघळू लागते.

उपचाराचे तत्त्व सरळ आहे. दाताला वरून छिद्र पाडून मेलेली मज्जा काढायची, बारीक कानशींनी नलिका आतून घासून रुंद करायची, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुवायची, कोरडी करायची आणि मग ती जागा पुन्हा जीवाणूंच्या हाती लागू नये म्हणून गच्च भरून टाकायची.

ही जागा किती मोठी असते? समजा, तयार केलेली नलिका १५ मिलिमीटर लांब आहे, वरच्या टोकाशी तिचा व्यास १ मिलिमीटर आणि खालच्या टोकाशी ०.३ मिलिमीटर आहे. छिन्नशंकूच्या घनफळाचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच. त्यात या किमती घातल्या की उत्तर येते सुमारे ५.५ घन मिलिमीटर. पाण्याचा एक थेंब साधारण ५० घन मिलिमीटरचा धरला, तर हे झाले जेमतेम थेंबाच्या नवव्या हिश्शाएवढे.

आता जीवाणूंचे माप घ्या. अनेक जीवाणू सुमारे १ मायक्रोमीटर आकाराचे असतात. भरणात सर्व बाजूंनी फक्त ०.१ मिलिमीटर एवढी एक पोकळी राहिली, तर तिच्या एका बाजूला १०० जीवाणू ओळीने मावतील, आणि सगळ्या पोकळीत १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाख! केसाच्या जाडीएवढी फट आपल्याला क्षुल्लक वाटते, पण जीवाणूंच्या दृष्टीने ते एक शहर आहे. भरणाचा पदार्थ कोणता वापरावा, यावर शंभराहून अधिक वर्षे जो खल चालला आहे, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

चिकूच्या कुळातील झाड आणि समुद्रतार

मूलनलिकेत भरण्यासाठी सर्वांत जास्त वापरला गेलेला पदार्थ म्हणजे गट्टा-पर्चा. मलाया, सुमात्रा, बोर्निओ या भागांत पालाक्वियम जातीची झाडे होतात. आपल्याकडील चिकू, मोह आणि बकुळ यांच्याच कुळातील ही झाडे. त्यांच्या चिकापासून गट्टा-पर्चा मिळतो. रबर आणि गट्टा-पर्चा हे दोन्ही आयसोप्रीनच्या लांबच लांब साखळ्यांनी बनलेले असतात. फरक आहे तो साखळीतील अणूंच्या मांडणीत. रबरात ती सिस प्रकारची असते, म्हणून रबर लवचीक. गट्टा-पर्चात ती ट्रान्स प्रकारची असते, म्हणून साखळ्या एकमेकींशेजारी नीट रचल्या जातात आणि पदार्थ नेहमीच्या तापमानाला कडक राहतो. ऊन दिले की तो मऊ होतो व हवा तो आकार घेतो.

एकोणिसाव्या शतकात याच गुणामुळे समुद्राखालच्या तारांवर गट्टा-पर्चाचे वेष्टन चढवीत. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी जी समुद्रतार टाकली, तिच्या तांब्याला खाऱ्या पाण्यापासून जपणारा पदार्थ हाच होता. त्याच सुमारास, १८६७ साली, अमेरिकेतील बोमन या दंतवैद्याने तो मूलनलिकेत भरून पाहिला. समुद्राचे पाणी बाहेर ठेवणारा पदार्थ दातातही ओलावा बाहेर ठेवील, ही अपेक्षा स्वाभाविक होती.

आजच्या गट्टा-पर्चाच्या बारीक काड्यांमध्ये प्रत्यक्ष गट्टा-पर्चा मात्र सुमारे पाचवा हिस्साच असतो. मोठा भाग झिंक ऑक्साइडचा असतो, आणि त्यात थोडे बेरियम सल्फेट व मेणही असते. बेरियम कशासाठी, ते आपण पुढे पाहू.

गट्टा-पर्चाचा एक दोष आहे. तो दंतिनाला चिकटत नाही, आणि गरम करून भरला तर थंड होताना किंचित आकसतो. म्हणून काडी आणि भिंत यांच्यामध्ये सांधणारा पातळ लेप लावावा लागतो. त्याला सीलर म्हणतात. जुना व अजूनही चालणारा सीलर म्हणजे झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचे मिश्रण. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातील मुख्य घटक! आजीचा बोळा अशा रीतीने दवाखान्यातही पोहोचला आहे. पुढे एपॉक्सी राळेपासून केलेले सीलर आले. ते कमी विरघळतात आणि भिंतीला चांगले धरतात.

१९९० नंतरच्या काळात एक निराळाच पदार्थ पुढे आला. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी तो विकसित केला. त्याचे नाव मिनरल ट्रायऑक्साइड अॅग्रिगेट, थोडक्यात एमटीए. नाव भारदस्त असले तरी त्याचा मुख्य घटक तुमच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे पोर्टलंड सिमेंट. अर्थात घरबांधणीतले नव्हे, तर शुद्ध केलेले. सिमेंटला घट्ट होण्यासाठी पाणी लागते. त्यामुळे जेथे इतर पदार्थ ओलाव्याने बिघडतात, तेथे हा पदार्थ ओलाव्यातच पक्का होतो. घट्ट होताना त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपली चुन्याची निवळी ज्याची बनते तो पदार्थ, निर्माण होतो. त्याचा पीएच सुमारे १२ पर्यंत जातो व अशा तीव्र अल्कधर्मी परिसरात बहुतेक जीवाणू टिकत नाहीत. याच जातीचे कॅल्शियम सिलिकेटचे सीलर आज पुष्कळ वापरले जातात. मात्र एकदा घट्ट झाल्यावर ते काढणे कठीण जाते. म्हणजे सर्वगुणसंपन्न असा एकही पदार्थ नाही. तेव्हा तुलना करणे ओघानेच आले.

काही पांढरे, काही काळे

रंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधले. दोन-तीन महिन्यांच्या आतच, १८९६ च्या जानेवारीत, जर्मनीतील ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे निश्चल बसावे लागले! अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी तर मूलनलिकेत शिशाची तार घालून चित्रावरून तिची लांबी मोजली. पण त्या काळी या किरणांचे धोके माहीत नव्हते. केल्स यांना पुढे किरणांमुळे कर्करोग झाला आणि हात गमवावा लागला. आज आपल्याला जी सुरक्षितता लाभली आहे, तिची किंमत अशा माणसांनी मोजली आहे.

क्ष-किरण चित्र म्हणजे एक सावली होय. किरण जेथे विनाअडथळा पोहोचतात तेथे चित्र काळे होते, जेथे अडतात तेथे पांढरे राहते. किरण किती अडतील हे तीन गोष्टींवर ठरते: पदार्थाची जाडी, त्याची घनता आणि त्यातील अणूंचा अणुक्रमांक. दंतवैद्यकात वापरतात त्या ऊर्जेच्या किरणांच्या बाबतीत शोषणाचा मोठा भाग ढोबळमानाने अणुक्रमांकाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अणुक्रमांक दुप्पट झाला, तर तेवढ्याच वस्तुमानाचे शोषण सुमारे आठपट होते.

आता आपले पदार्थ पाहा. शुद्ध गट्टा-पर्चात फक्त कार्बन (अणुक्रमांक ६) आणि हायड्रोजन (१) असतात. तो एकटाच भरला तर चित्रात दिसणारच नाही. दाताच्या दंतिनात कॅल्शियम (२०) असते, त्यामुळे दात हिरडीपेक्षा पांढरा दिसतो. भरण दातापेक्षाही उठून दिसायचे असेल, तर त्यात कॅल्शियमहून जड मूलद्रव्य हवे. जस्त (३०) ते काम करते: ३० भागिले २० म्हणजे १.५, त्याचा घन सुमारे ३.४. बेरियम (५६) त्याहून सरस: २.८ चा घन सुमारे २२. काड्यांमध्ये बेरियम सल्फेट का घालतात, याचे उत्तर हे! एमटीएमध्ये याच कारणासाठी बिस्मथ ऑक्साइड घालीत आले. बिस्मथचा अणुक्रमांक ८३ आहे. त्याचे गुणोत्तर तुम्हीच काढा. परंतु बिस्मथमुळे दात काळसर पडतो असे आढळल्याने नव्या पदार्थांत बहुधा झिर्कोनियम (४०) किंवा टँटलम (७३) यांची ऑक्साइडे वापरतात.

पण 'किती पांढरे' हे मोजायचे कसे? नुसत्या नजरेचा भरवसा नाही. चित्र घेताना किरणांची मात्रा कमी-जास्त झाली तर तोच पदार्थ कधी पांढरा, कधी करडा दिसेल. यावर एक साधी युक्ती आहे. अॅल्युमिनियमची पायऱ्या-पायऱ्यांची एक पट्टी करतात. पहिली पायरी १ मिलिमीटर जाड, दुसरी २ मिलिमीटर, याप्रमाणे. पदार्थाची १ मिलिमीटर जाडीची चकती आणि ही पट्टी शेजारी शेजारी ठेवून एकाच वेळी चित्र घेतात. चकतीची छटा ज्या पायरीशी जुळेल, तेवढ्या मिलिमीटर अॅल्युमिनियमइतकी त्या पदार्थाची क्ष-किरण-अपारदर्शकता. दोन्हींवर एकच मात्रा पडल्यामुळे मात्रेतील चूक आपोआप निघून जाते. १ मिलिमीटर दंतिन साधारण १ मिलिमीटर अॅल्युमिनियमएवढे भरते, तर इनॅमल सुमारे २ मिलिमीटर. सीलरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १ मिलिमीटर सीलर किमान ३ मिलिमीटर अॅल्युमिनियमइतका अपारदर्शक असावा लागतो. गट्टा-पर्चाच्या काड्या बहुधा ६ मिलिमीटरच्या आसपास भरतात.

चांदीने दिलेला चकवा

येथवर वाचून तुम्हांला वाटेल, जेवढे पांढरे तेवढे चांगले. १९३० नंतरच्या काही दशकांत अनेक दंतवैद्यांनाही असे वाटले असावे. त्या काळी मूलनलिकेत चांदीच्या बारीक काड्या बसवीत. चांदीची काडी ताठ असल्याने अरुंद, वाकड्या नलिकेतही सहज शिरे. चांदीचा अणुक्रमांक ४७ आणि घनताही भरपूर. त्यामुळे चित्रात ती झळझळीत पांढरी दिसे. चित्र पाहून कोणीही म्हणावे, काय सुरेख भरण आहे!

पण काडी गोल आणि नलिका मात्र बहुधा लांबट, अंडाकृती. काडीच्या दोन्ही बाजूंना राहिलेली जागा सिमेंटने भरलेली असे. ते सिमेंट हळूहळू विरघळे, मुळाच्या टोकाकडून द्रव आत झिरपे आणि चांदीला गाठी. घरातले चांदीचे पैंजण किंवा भांडे काळे पडते, ते तुम्ही पाहिले असेलच. तीच क्रिया दातातही घडत होती. १९७० च्या दशकात अशा काढलेल्या काड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्या गंजलेल्या आढळल्या आणि गंजातून होणारी द्रव्ये भोवतालच्या पेशींना घातक असल्याचे दिसून आले. चांदीच्या काड्या मागे पडल्या.

चित्र खोटे बोलत नव्हते. चांदी किती आणि कोठवर आहे, हे त्याने अचूक सांगितले. चांदी आणि भिंत यांच्यातील नाते मात्र त्याला सांगता येत नव्हते, आणि आपण ते गृहीत धरले. पदार्थ दिसणे ही एक गोष्ट आणि त्याने नलिका बंद करणे ही दुसरी गोष्ट, हा फरक आपण मनात पक्का करून ठेवू.

दोन पेन्सिली आणि एक विजेरी

सावली काय लपवते, हे घरच्या घरी पाहता येईल. अंधाऱ्या खोलीत टेबलावर भिंतीसमोर मातीच्या दोन गोळ्यांत दोन पेन्सिली उभ्या करा; एक भिंतीजवळ, दुसरी तिच्या बरोबर पुढे, दहा-बारा सेंटिमीटरवर. समोरून विजेरीचा झोत टाका. भिंतीवर एकच सावली दिसेल. आता विजेरी थोडी डावीकडे सरकवा. सावल्या दोन होतील आणि दोन्ही उजवीकडे सरकतील. पण विजेरीच्या जवळची पेन्सिल जास्त सरकेल, भिंतीजवळची कमी.

दाढेतही असेच होते. गालाकडची नलिका आणि जिभेकडची नलिका समोरून घेतलेल्या चित्रात एकावर एक पडतात. एक भरली व दुसरी तशीच राहिली, तरी चित्रात एकच छान रेघ दिसते! म्हणून दंतवैद्य नळीचा कोन बदलून दुसरे चित्र घेतात. जी रेघ नळीच्या उलट दिशेला अधिक सरकली, ती गालाकडची. हा नियम क्लार्क यांनी १९१० साली मांडला आणि आजही तो रोजच्या वापरात आहे.

दुसरा प्रयोग पतंगाच्या कागदाचा. एकाच रंगाचे तीन तुकडे घ्या. त्यांतील मधल्या तुकड्याला छिद्र पाडा. तिन्ही एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरा. छिद्राच्या जागी फिकट ठिपका दिसेल. आता त्यांच्या मागे एक जाड पुठ्ठा धरा. ठिपका नाहीसा होईल. छिद्र तेथेच आहे, पण पुठ्ठ्याने सगळाच प्रकाश अडवला. भरणाचा पदार्थ जवळजवळ सगळे किरण अडवू लागला, तर चित्राचा तो भाग सरसकट पांढरा होतो आणि त्याच्या मागची-पुढची पोकळी त्यात बुडून जाते. उलट, सीलर अगदीच पारदर्शक असेल तर भरलेली जागाही रिकामी भासते. म्हणजे अपारदर्शकता कमी पडून चालत नाही आणि फार झाली तरी नडते.

सावलीकडून छेदाकडे

सावल्या अनेक दिशांनी घेतल्या आणि गणिताने त्या एकत्र केल्या, तर वस्तूचा आतला छेद उभा करता येतो. हेच सीटी चित्रणाचे तत्त्व. ब्रिटनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली पहिल्या रोग्याचे चित्रण झाले, आणि १९७९ साली त्यांना व अॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दातांसाठी शंकूच्या आकाराचा झोत वापरणारी लहान यंत्रे १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटली व जपानमध्ये तयार झाली. त्यांना कोन बीम सीटी म्हणतात. या चित्रात दाताचे हजारो बारीक घनकण केलेले असतात आणि प्रत्येक कणाला त्याची छटा दिलेली असते. कणाची बाजू यंत्राप्रमाणे साधारण ०.०८ ते ०.४ मिलिमीटर असते. त्यामुळे एकामागे एक दडलेल्या नलिका सुट्या दिसतात. राहून गेलेली नलिका सापडते.

तरी अडचण संपत नाही. ज्या कणाची बाजू ०.१ मिलिमीटर आहे, त्याला ०.०२ मिलिमीटरची फट कशी दिसणार? एकाच कणात थोडे भरण आणि थोडी फट असली, तर त्याला दोहोंच्या सरासरीची छटा मिळते. शिवाय जड मूलद्रव्ये असलेल्या पदार्थाभोवती चित्रात काळे पट्टे व किरणांसारख्या रेषा उमटतात. झोतातील कमी ऊर्जेचे किरण पदार्थात आधी गिळले जातात आणि संगणकाचा हिशेब चुकतो, हे त्याचे एक कारण. अशा काळ्या पट्ट्याला पोकळी किंवा दाताला पडलेली चीर समजण्याचा संभव असतो. म्हणजे साध्या चित्रात नसलेली पोकळी येथे 'दिसू' शकते!

अधिक बारकाईसाठी सूक्ष्म सीटी वापरतात. लंडन येथे जिम एलियट व डोव्हर यांनी १९८२ साली याचे पहिले नमुने प्रसिद्ध केले. त्यांनी चित्रण केले होते एका गोगलगाईच्या शंखाचे. त्यात घनकणाची बाजू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे सुमारे ०.०१ मिलिमीटर, असू शकते. मग हीच पद्धत रोग्यांसाठी का वापरत नाहीत? कारण नमुना बराच वेळ यंत्रात फिरत ठेवावा लागतो आणि किरणांची मात्रा फार मोठी असते. म्हणून ती फक्त काढून टाकलेल्या दातांसाठी वापरली जाते.

मात्रेचा विषय निघाला आहे तर हेही लक्षात घ्या. निसर्गातून आपल्याला जगभर सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला सुमारे ६.६ मायक्रोसीव्हर्ट इतके प्रारण मिळतच असते. दाताच्या एका लहान चित्राची मात्रा थोड्या मायक्रोसीव्हर्टचीच असते. कोन बीम सीटीची मात्रा त्याच्या कितीतरी पट असू शकते. म्हणून नियम असा की, जेवढ्या चित्राने काम भागेल तेवढेच घ्यावे. नुसत्या कुतूहलापोटी घेऊ नये.

तुलना कशी करतात

समजा, तुम्हांला दोन पदार्थांची तुलना करायची आहे. 'अ' पदार्थ दाढेत भरला आणि 'ब' समोरच्या दातात. 'ब' मध्ये पोकळ्या कमी आढळल्या. 'ब' चांगला ठरला का? नाही. दात वेगळे, नलिकांचे आकार वेगळे. फरक पदार्थाचा की नलिकेचा, हे सांगताच येणार नाही.

म्हणून संशोधक काढलेले, सारख्या आकाराचे दात गोळा करतात, किंवा एकाच साच्यातील कृत्रिम नलिका घेतात. त्या एकाच प्रकारच्या कानशींनी, एकाच मापापर्यंत रुंद करतात. कोणत्या दातात कोणता पदार्थ जाणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे ठरवतात. भरण एकच व्यक्ती, एकाच पद्धतीने करते. मग दात ३७ अंश सेल्सिअसला दमट हवेत ठेवतात, कारण तोंडातही तशीच स्थिती असते. भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर सूक्ष्म सीटी घेतात. चित्रे तपासणाऱ्याला मात्र कोणत्या दातात काय आहे ते सांगत नाहीत. नाहीतर मनातला कल मोजमापात उतरतो.

समजा, आपल्या ५.५ घन मिलिमीटरच्या नलिकेत २ टक्के पोकळी आढळली. ती झाली ०.११ घन मिलिमीटर. पण तेवढ्यावर थांबू नका. पोकळी कोठे आहे? भरणाच्या पोटात चारही बाजूंनी बंद असलेला बुडबुडा आणि भिंतीलगत टोकापर्यंत गेलेली फट, या दोहोंची टक्केवारी सारखी असली तरी धोका सारखा नाही. पहिली म्हणजे बंद खोली, दुसरी म्हणजे जाण्या-येण्याचा रस्ता. अशा असंख्य मोजमापांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. कोणताही पदार्थ आणि कोणतीही पद्धत घ्या, संपूर्ण पोकळीरहित भरण जवळजवळ कधीच मिळत नाही.

अखेरचा न्यायाधीश

प्रयोगशाळेत पहिला आलेला पदार्थ तोंडातही पहिला येईलच, असे नाही. २००४ साली रेझिलॉन नावाचा पदार्थ बाजारात आला. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या बहुवारिकापासून तो केला होता. सीलर त्याला चिकटेल, सीलर दंतिनालाही चिकटेल आणि सारे मिळून एकसंध होईल, अशी कल्पना होती. बिस्मथ आणि बेरियमची संयुगे घातल्यामुळे चित्रात तो उत्तम दिसे. सुरुवातीच्या काही प्रयोगांत गळतीही कमी आढळली. पण पॉलिकॅप्रोलॅक्टोन हे जैविक विघटन होणारे द्रव्य आहे. विकरे त्याचे तुकडे करू शकतात. बऱ्याच वर्षांनी रोग्यांची तपासणी झाली, तेव्हा गट्टा-पर्चाच्या तुलनेत रेझिलॉन भरलेल्या दातांचे अपयश अधिक आढळले आणि तो पदार्थ मागे पडला. चांदीची गोष्ट वेगळ्या वेषात पुन्हा घडली.

मग निवाडा कोण करणार? मुळाच्या टोकाशी असलेले हाड. जीवाणूंचा बंदोबस्त झाला असेल तर विरघळलेले हाड पुन्हा भरून येते आणि चित्रातला काळा डाग हळूहळू नाहीसा होतो. म्हणून दंतवैद्य वर्षाने, आणि गरज पडल्यास चार वर्षांपर्यंत, पुन्हा चित्र घ्यायला बोलावतात. ही हाडाची स्थिती एक ते पाच अशा श्रेणींत मोजण्याची पद्धत १९८६ साली ओर्स्टाविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिली. येथेही सावधगिरी हवीच. हाडातील खनिजाचा ३० ते ५० टक्के भाग जाईपर्यंत साध्या चित्रात डाग दिसतोच असे नाही.

अशा दीर्घ पाहणीतून जे कळले ते थोडक्यात असे: नलिका नीट स्वच्छ झालेली असणे, भरण मुळाच्या टोकापासून २ मिलिमीटरच्या आत थांबणे पण बाहेर न जाणे, त्यात दिसण्याजोग्या पोकळ्या नसणे आणि दाताचे वरचे तोंड पक्के बंद असणे, या गोष्टी उपचाराच्या यशाला पोषक ठरतात. पदार्थाची निवड महत्त्वाची आहेच, पण ती या साखळीतील एक कडी आहे. अस्वच्छ नलिकेत उत्तमातला उत्तम पदार्थ भरला, तरी आत कोंडलेला शत्रू कोंडलेलाच राहतो.

म्हणून रूट कॅनालनंतर ठणका थांबला तरी दंतवैद्य टोपी बसवून घ्यायला सांगतात आणि वर्षाने बोलावतात, तेव्हा "आता दुखत नाही, कशाला जायचे?" असे घरातले कोणी म्हणाले, तर त्यांना ही हाडाची गोष्ट जरूर समजावून सांगा.

विचार करा

१. बिस्मथ आणि कॅल्शियम यांच्या अणुक्रमांकांच्या गुणोत्तराचा घन काढा. टँटलम व झिर्कोनियम यांचेही आकडे काढून चढत्या क्रमाने लावा.

२. ०.११ घन मिलिमीटर पोकळीत ०.१ मिलिमीटर बाजूचे किती घन मावतील? त्यांत प्रत्येकी दहा लाख जीवाणू धरले तर एकूण किती?

३. पेन्सिलीच्या प्रयोगात विजेरी उजवीकडे सरकवली आणि एक सावली डावीकडे जास्त सरकली. ती कोणत्या पेन्सिलीची? दाढेत ती कोणत्या बाजूची नलिका ठरेल?

४. एका पदार्थाच्या जाहिरातीत भरणाचे फक्त एक झळझळीत क्ष-किरण चित्र छापले आहे. तो पदार्थ चांगला आहे असे मानण्यापूर्वी तुम्ही आणखी कोणते चार प्रश्न विचाराल? वर्गात चर्चा करा.